माळ्यावरची बाळंतीण

हॅमिल्टन, १२ एप्रिल

फेम्के,

माझं अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच टाकून देशील, म्हणून वरचा पत्ता सीत्स्के मावशीकडून लिहून घेतलाय. तिने लिहून दिला, पण म्हणाली, "हार्म, पोरीला सारवासारवच करून पाठवणार असशील, तर माझं अक्षर कशाला वाया घालवतोस?" तेव्हा फक्त कामाचं लिहितो.

घर विकलं. तुझी आई गेल्यापासून इथे दोन हिवाळे काढले. तिसरा एकट्याने निघेलसं वाटत नाही. एक जूनला किल्ल्या द्यायच्या आहेत. त्याआधी छप्पर दुरुस्त करून द्यायचं मी कबूल केलंय, ते लोक वीस मेला येणार. तुझ्या खोलीत एकवीस वर्षांत फारसं काही हललेलं नाही. स्केट्स, शाळेतली पुस्तकं, भिंतीवरचा पक्ष्यांचा तक्ता. काय ठेवू आणि काय देऊन टाकू, तेवढं कळव.

आणखी एक. तुझ्या खोलीच्या वर, मेपलची फांदी छपराला टेकते त्या कोपऱ्यातली फळी कुणीतरी उचकटली आहे. भोकाच्या कडेला करडे केस अडकलेत. रॅकून आहे हे कळायला मला वर चढावं लागलं नाही. वन्यप्राण्यांचं काम बघणाऱ्या लोकांना फोन केलाय. ते येऊन बघतील.

माझे गुडघे ठीक आहेत. तू अजून त्या फेरीबोटीवरच काम करतेस असं मावशी म्हणाली. तिकडे अजून बर्फ तरंगत असेल.

बाबा


२२ एप्रिल, ईस्टरचा सोमवार

फेम्के,

तुझं उत्तर आलं नाही. दहा दिवसांत येईल असं मीही धरलं नव्हतं.

फोन केला होता तिथून एक मुलगी आली. इनेश नाव. सव्वीस-सत्तावीसची असेल. तिचे आईवडील पोर्तुगीज, बंदराकडच्या वस्तीत वाढली. शिडी खांद्यावरून उतरवत दारावरचं नाव वाचलं आणि थांबली.

"व्हेल्डकँप म्हणजे पिवळ्या व्हॅनवाले व्हेल्डकँप?"

"हो."

"माझ्या आजीच्या फ्रिजवर तुमचा नंबर चिकटवलेला असायचा."

"मग आजीला माझा नमस्कार सांग."

"आजी गेली. तिच्या माळ्यावरचे रॅकून अजून तिथेच आहेत."

बोलणं असं आहे तिचं. माळ्यावर पोटावर सरपटत गेली, पाच-सात मिनिटं तिचे नुसते बूट दिसत होते. खाली आली तेव्हा केसांत सगळा भुसा. आवाज मात्र एकदम हळू झाला होता, देवळातून बाहेर पडल्यासारखा.

"चार आहेत. डोळे आत्ता कुठे किलकिले होतायत. आई त्यांच्यावर आडवी पडली होती. माझ्याकडे बघितलं, पण उठली नाही."

"मग आता काय करायचं?"

"आता काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही खाली कॉफी प्या, आणि तिला वर पोरं वाढवू द्या."

मी छपरवाल्यांची तारीख सांगितली. तिने बोटांवर आठवडे मोजले. "पुरेसे आहेत. तोवर पिल्लं अंग धरतील. मग आपण तिला सांगू, बाई, आता जागा बदल. माळ्यावर दिवा लावायचा आणि रेडिओवर माणसांची बडबड चालू ठेवायची. बाळंतिणीला शांतता लागते, मिस्टर व्हेल्डकँप. ती मिळेनाशी झाली की ती आपणहून एकेक पोर उचलून दुसऱ्या घरी नेते. दोन-तीन घरं तिने आधीच हेरून ठेवलेली असतात."

"दोन-तीन?"

"तुम्ही तीस वर्षं हेच काम केलंत ना?" तिने विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच नवल वाटलं होतं.

मला ठाऊकच नव्हतं, फेम्के. तीस वर्षांत इतक्या माद्या पिंजऱ्यात धरल्या, व्हॅनमध्ये घालून डोंगरापलीकडे कुठेकुठे नेऊन सोडल्या. आता तसं नेणं कायद्यात बसत नाही म्हणे. पण त्यांच्या डोक्यात दुसरं घर तयार असतं, त्यांना फक्त थोडी सवड हवी असते, हे एवढंसं मला कधी कळलं नाही. मी विचारलंच नव्हतं कुणाला.

हल्ली तुझ्या खोलीत झोपतो. रागावू नकोस. ती बरोबर तुझ्या पलंगाच्या वर आहे. दुपारी ती बाहेर जाते, तासाभराने परत येते. ती नसताना पिल्लं पाखरांसारखी कुरकुर करतात. मग फांदी हलते, फळीवर नखं वाजतात आणि ती घशातल्या घशात एक आवाज काढते. मांजर गुरगुरतं तसा, पण त्यात काहीतरी सांगितल्यासारखं असतं. चौघंही एकदम गप्प होतात. दूध पिताना तर छत जणू श्वास घेतं. मी पूर्वीही हे आवाज ऐकायचो, पण ते कुठून येतात तेवढंच बघायला, टेप लावून मोजमाप घ्यावं तसे. आता नुसता पडून राहतो, आणि माझ्याच घरात पाहुण्यासारखं वाटतं.

बाबा


३० एप्रिल

फेम्के,

पहिल्या पत्रात लिहिलं की मी त्या लोकांना फोन केला. तो केला, पण नंतर. आधी काय केलं ते लिहिलं नाही.

आधी गॅरेजमधून पिंजरा काढला. काम सोडून नऊ वर्षं झाली, तरी एक ठेवला होता. तार साफ केली, दाराला तेल दिलं, आत सार्डिनचा डबा उघडून ठेवला आणि शेडच्या छपरावर, फांदीच्या बरोबर खाली लावला. जागा निवडायला मिनिटही लागलं नाही, हात आपोआप चालत होते. सकाळी ती आत होती.

पिंजऱ्यातला रॅकून कसा असतो तुला माहीत आहे. तार चावतो, फिस्कारतो, स्वतःला रक्तबंबाळ करून घेतो. ही शांत बसली होती. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. मान वर करून त्या भोकाकडे बघत होती, आणि तिचे हात कडीवर होते. न बघता, नुसत्या बोटांनी ती कडी चाचपत होती. तुझी आई दिवे गेल्यावर काड्यापेटी शोधायची तशी. पोटाखाली केस झडलेले, आचळं ओली. म्हणजे वर पिल्लं आहेत हे मला तिथेच कळलं. तरीही मी पिंजऱ्यावर घोंगडी टाकली, गाडीत मागे ठेवला आणि निघालो. हे मुद्दाम लिहितोय. कळूनही निघालो.

सिग्नलला लाल दिवा होता. इंजिनाचा आवाज कमी झाला आणि घोंगडीखालून तो आवाज आला, घशातला. गेल्या पत्रात लिहिला तो. पहिल्यांदा कान देऊन ऐकला तो तिथे. ती त्यांना हाक मारत होती. घर कितीतरी मागे राहिलं होतं, चारी बाजूंनी गाड्या, आणि ती अंधारात बसून हाक मारत होती, जणू ती हाक पोचणारच होती.

हिरवा दिवा लागला. मागच्याने हॉर्न वाजवला. मी गाडी वळवली.

मेपलखाली दार उघडलं तेव्हा वाटलं, आता ही पळेल किंवा माझ्या पायावर झेप घेईल. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. बाहेर आली, खोडाला हात लावला आणि चढू लागली, जड अंगाने, कुठेही न थांबता. फळीतून आत गेली. मग आत जो गलका उठला, फेम्के, तो मला खाली ऐकू आला. माझ्या हातात घोंगडी होती. मी अडुसष्ट वर्षांचा माणूस, गलका थांबेपर्यंत स्वतःच्या परसात उभा होतो.

त्यानंतर फोन केला. मी तुला नेहमी नंतरचं तेवढं सांगत आलो.

बाबा


१७ मे

फेम्के,

काल सकाळपासून हे पत्र डोक्यात लिहितोय.

बारा तारखेला इनेशने माळ्यावर दिवा बांधला. रेडिओ मला ठेवायला सांगितला. "गाणी नकोत," ती म्हणाली, "नुसतं बोलणं." मी टेपरेकॉर्डरच ठेवला. आईच्या कपाटात आपल्या जुन्या पाद्रीबाबांच्या प्रवचनांच्या टेप होत्या, डच भाषेतल्या, त्या लावल्या. तीन दिवसांत बाईने घर सोडायचं ठरवलं. इनेश म्हणाली, "तुमचे पाद्री कामाचे आहेत." मी म्हटलं, "पोरी, आम्ही चाळीस वर्षं ऐकलं, आम्हाला फांदी नव्हती."

बुधवारी संध्याकाळी, अजून उजेड असताना, ती पहिलं पिल्लू घेऊन बाहेर आली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होतो. पिल्लाची मानगूट तोंडात, ते अंगाची घडी करून लोंबकळत होतं, शेपटी पोटाशी घेऊन. आणि ती खाली डोकं करून झाड उतरली. तिचे मागचे पाय पार उलटे वळतात, तळवे मागे करून ते खोडाला धरतात. हे मी शेकडो वेळा बघितलं असेल, पण त्या वेळी बघणारा माणूस वेगळा होता बहुतेक. कुंपणावरून ती गल्लीत उतरली, दोन्हीकडे बघितलं, आणि डोंगराच्या पायथ्याशी खडकांच्या कपारी आहेत तिकडे गेली. वीस मिनिटांनी परत. मग दुसरं. मग तिसरं. शेजारचा गवत कापायचं सोडून कुंपणापाशी उभा राहिला.

चौथ्यासाठी आली आणि रिकाम्या तोंडाने बाहेर पडली. परत आत गेली. परत रिकामी. पन्हळीवर बसून तिने हाक मारली, मग तिसऱ्यांदा आत गेली. शेवटी अंधारून आल्यावर उतरली आणि त्या तिघांकडे निघून गेली.

मी टेप बंद केला. तुझ्या खोलीत गेलो. रडणं भिंतीतून येत होतं.

भिंतीतल्या दोन लाकडी खांबांच्या मधल्या पोकळीत ते माळ्यावरून घसरलं होतं. इनेशला फोन लावला, ती ब्रँटफर्डच्या पलीकडे कुठल्यातरी गोठ्यावर. म्हणाली, "मला यायला दीड तास. तुम्हाला नक्की जागा सापडेल?"

मी भिंतीला कान लावला.

फेम्के, तू कान लावला होतास तो बार्टन स्ट्रीटवरच्या मिसेस कोवाचच्या भिंतीला. त्या उन्हाळ्यात तू माझ्याबरोबर कामाला होतीस, एकोणीस वर्षांची. मादी मी तीन दिवस आधीच नेली होती. बाईने पुन्हा बोलावलं, भिंतीत आवाज येतोय म्हणून. तू कान लावलास आणि माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "पाइपचा आवाज आहे, चल." तो पाइप नव्हता हे मला माहीत होतं. तुलाही होतं. संध्याकाळी तू एकटी हातोडा घेऊन गेलीस, भिंत फोडलीस आणि टॉवेलमध्ये एक जिवंत पिल्लू घेऊन घरी आलीस. बाकीच्या तिघांसाठी तुला उशीर झाला होता.

सकाळी तू उठायच्या आत ते मी नेलं. सांगितलं की कॅलेडोनियात एक बाई अशी पिल्लं वाढवते, तिला दिलं. तू दर आठवड्याला विचारायचीस आणि मी दर आठवड्याला नवीन काहीतरी सांगायचो. आता दात आले. आता अंडं खातं. ऑगस्टमध्ये तू मैत्रिणीची गाडी घेऊन कॅलेडोनियाला गेलीस, घरोघरी विचारत फिरलीस. परत येऊन त्याला त्या रात्री पाजलेली दुधाची बाटली टेबलावर ठेवलीस. सप्टेंबरात निघून गेलीस.

अशी कुणी बाई नव्हती. ते पिल्लू मी परसातल्या पावसाच्या पिंपात बुडवलं. त्या वेळी आम्ही सगळे तसंच करायचो, आणि मला वाटायचं की हे कामच आहे. पण काम होतं तर तुझ्यापासून लपवलं कशाला, हे मी स्वतःला एकवीस वर्षांत विचारलं नाही. तुझ्या आईला कळलं होतं. त्याच दिवशी तिने ते पिंप आडवं केलं, पुन्हा त्यात पाणी भरू दिलं नाही. मला एका शब्दाने बोलली नाही. ती बोलायला हवी होती, असं आता म्हणणं म्हणजे तेही तिच्यावर ढकलणं होईल.

तर परवा. पक्ष्यांचा तक्ता काढला आणि त्याच्यामागे, जमिनीपासून दीड फुटावर गिलावा फोडला. छिन्नीने हळूहळू, हाताने तुकडे काढत. आतल्या पट्ट्या करवतीने कापल्या. दर दोन मिनिटांनी थांबून ऐकायचो. गप्प झालं की छिन्नी खाली ठेवून कान लावायचो, रडलं की पुन्हा उचलायचो. मग चुन्याच्या धुळीने पांढरा झालेला एक चेहरा दिसला. डोळ्यांवरचा तो काळा पट्टासुद्धा पांढरा झाला होता. चामड्याचे हातमोजे घालून बाहेर काढलं. किलोभरही नसेल. त्याने माझा अंगठा दोन्ही हातांनी धरला. हातच म्हणायला हवं, पाच बोटं, प्रत्येकाला घड्या. हातमोज्यातूनही ती पकड कळत होती. ज्या हाताने ते सगळं केलं, तोच हात त्याने धरला होता. त्याला काय ठाऊक.

इनेश आली. पिल्लू उलटंपालटं करून बघितलं, म्हणाली, "धडधाकट आहे." खोक्यात गरम पाण्याची पिशवी, वर टॉवेल, त्यावर ते. खोका शेडच्या छपरावर ठेवला.

"ती नाही आली तर?" मी विचारलं.

"येईल."

"तिची तीन आहेत तिकडे. कुणी ओढून नेली तर? त्यांना एकटं टाकून ती का येईल?"

"मोजता येत नसेल तिला," इनेश म्हणाली, "पण एक कमी आहे हे कळतं. झोपा थोडं."

ती गेली. मी आईची आरामखुर्ची मागच्या पायऱ्यांवर ओढली. मधे डुलकी लागली असेल. सव्वापाचला, पूर्वेकडे जेमतेम फटफटत होतं, तेव्हा कुंपण वाजलं.

ती शेडवर चढली. मी तिच्यापासून चार हातांच्या अंतरावर होतो, लपायला जागा नव्हती. मला तिने आधी बघितलं, खूप वेळ. पिंजऱ्याचा माणूस तिने ओळखला की नाही, मला माहीत नाही. मग नजर माझ्यावरच ठेवून तिने दोन्ही हात खोक्यात घातले आणि पिल्लाला चाचपू लागली. डोकं, कान, पाठ, एकेक पाय, शेपटी. काही राहून तर गेलं नाही ना, असं. सगळं जागेवर आहे अशी खात्री पटल्यावर तो घशातला आवाज काढला आणि पिल्लाने उत्तर दिलं. चर्चमध्ये गुडघे टेकताना जे वाटायला हवं असं लहानपणी सांगायचे आणि मला कधी वाटलं नाही, ते तिथे वाटलं, मागच्या पायऱ्यांवर, पायजम्यात.

मग तिने मानगूट धरली आणि गल्ली ओलांडून गेली. एकदाही मागे बघितलं नाही.

भोक आता बंद केलंय. भिंत तशीच फोडलेली आहे. घेणाऱ्या लोकांना सांगितलं, भरून देतो.

बाबा


डंडास, १० जून

फेम्के,

हा नवा पत्ता. दोन खोल्या, सीत्स्केच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. त्यामुळे ती दिवसातून तीनदा येते.

काल रविवारी तू फोन केलास. तुझा आवाज इतका तुझ्या आईसारखा झालाय हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मागे समुद्र ऐकू येत होता, की बोटीचं इंजिन होतं? मग तू म्हणालीस, "बाबा, सगळी पत्रं मिळाली. शेवटचं मी दोनदा वाचलं." आणि मग, "त्या पिल्लाचं नाव मी ठेवलं होतं. तुम्हाला कधी सांगितलं नाही." मी विचारलं आणि तू सांगितलंस. योस्ट. एका रात्रीत तू त्याला नाव दिलंस, बाटलीने दूध पाजलंस आणि मांडीवर झोपवलंस. मी तीस वर्षं त्यांच्यात वावरलो, पण एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. आता एकाचं माहीत आहे.

तू म्हणालीस की माफ केलं असं समजू नका. मी तसं समजलो नाही. उन्हाळ्यात येणं जमणार नाही म्हणालीस, ते बरोबर आहे. पुढच्या रविवारी फोन करीन किंवा नाही करणार, म्हणालीस. तेही बरोबर आहे.

हे पत्र त्या फोनसाठी नाही. ठेवायच्या आधी तू एक विचारलंस. म्हणालीस, "त्याला वेळ लागला का?" आणि मी म्हणालो, "नाही. लगेच गेलं."

रिसीव्हर ठेवला आणि तिथेच बसून राहिलो. सीत्स्के सूप घेऊन आली, मला बघून काही न विचारता परत गेली.

लागला, फेम्के. वेळ लागला. ते पोहत वर येत होतं, आणि दोन वेळा त्याने पिंपाच्या कडेला धरलं. मी त्याचे हात सोडवले. मी बघत नव्हतो, कुंपणाकडे तोंड करून उभा होतो, पण बोटं कळत होती. मग ती कळेनाशी झाली.

तुला खोटं सांगायचं ते कालचं शेवटचं. रविवारी मी घरीच आहे, दिवसभर.

बाबा